टर्बो न लावता दीड लिटरच्या इंजिनातून २०० हॉर्सपॉवर निघेल का? गाडी रोज चालवायची आहे, ड्रॅगलाही (सरळ धावेच्या शर्यतीला) न्यायची आहे

तुमच्याकडे जुनी होंडा सिटी व्हीटेक आहे, राहायला जालन्यात आहात. मी संभाजीनगरात चिकलठाण्याला सिलिंडर हेड आणि बोअरिंगचं काम करतो, म्हणून आधी हिशोब मांडतो.

न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) आरपीएमने (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणा, ७०२४ ने भागा, हॉर्सपॉवर मिळते. टर्बो नसेल तर हवा वातावरणाच्या दाबानेच आत जाते. त्यामुळे रस्त्यावरच्या चांगल्या पेट्रोल इंजिनाचाही टॉर्क लिटरमागे १००-११० च्या फार पुढे जात नाही. होंडा एस-२००० चं इंजिन १९९७ सीसीचं, टॉर्क २०८, म्हणजे लिटरमागे १०४. तरी ते २४० हॉर्सपॉवर देतं, कारण ८३०० आरपीएमलाही त्याचा टॉर्क २०० च्या वर टिकतो. तुमच्या १४९३ सीसीतून २०० काढायचे तर ९५०० आरपीएमला जवळपास १४८ न्यूटन-मीटर लागतील. तसं इंजिन बनतं, पण खालच्या आरपीएमला त्यात जीव राहत नाही. ती गाडी रोज जालन्याच्या बाजारातून काढणं म्हणजे क्लच जाळणं.

म्हणून माझं म्हणणं: ८००० आरपीएम ठरवा आणि तिथे १३० न्यूटन-मीटर मिळवा. होतात १४८ हॉर्सपॉवर. कंपनीची गाडी ६८०० ला सुमारे १०६ देते, म्हणजे तिथे टॉर्क ११० च्या आतच उरलेला असतो. वर हवा पुरत नाही.

ती हवा हेडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागात, अडते. पहिला पैसा तिथेच घाला. बरेच जण ग्राइंडर घेऊन पोर्ट (हेडमधला हवेचा मार्ग) नुसतं मोठं करतात, त्याने हवेचा वेग मरतो आणि खालचा टॉर्क जातो. खरं काम व्हॉल्व्ह सीटच्या आसपासच्या भागात आहे: पोर्टचं आतलं वळण, सीटला तीन कोनांचा कट, व्हॉल्व्हच्या दांडीला धरणाऱ्या गाइडजवळचा उंचवटा कमी करणं. चारही पोर्ट फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून सारखे करा. मग या हेडला शोभेल असा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) निवडा, उलटं नको. लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) वाढली की स्प्रिंग बदलाव्याच लागतात. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर पिस्टनवर मऊ माती ठेवून मोजा. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटरपेक्षा कमी मी ठेवत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चार-दोन-एक घ्या, म्हणजे चार नळ्या आधी दोनात आणि मग एकात मिळणारा. चार-एक अगदी वरच्या टोकाला थोडं जास्त देतं, पण रस्त्यावर मधला टॉर्कच कामाला येतो.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) ११ च्या आसपास ठेवा. एक सिलिंडर ३७३ सीसीचा, म्हणजे पिस्टन वर आल्यावर ३७ सीसी जागा उरली पाहिजे. चेंबर, गॅस्केट आणि पिस्टनचा माथा धरून ती ब्युरेटने (खुणा असलेल्या मोजनळीने) मोजा. हेड फेसिंग करताना (हेडचा तळ घासून सपाट करताना) 'अंदाजे एवढं काढा' असं कुणालाही सांगू नका.

परदेशातले व्हिडिओ पाहून साडेबारा-तेरा कॉम्प्रेशन मागणाऱ्यांना मी आपलं ऊन लक्षात घ्यायला सांगतो. आपण समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहोत, तिथेच हवेचा दाब सहा टक्क्यांनी घटतो. मे महिन्यात ४२ अंश असताना, २५ अंशांच्या मानाने आणखी पाच टक्के हवा विरळ होते. म्हणजे १४८ चं इंजिन तेव्हा १३२ च्या आसपास देईल. डायनोवाल्याला (हॉर्सपॉवर मोजून देणाऱ्याला) आकडा करेक्टेड, म्हणजे हवामानाचा हिशोब धरून बदललेला, आहे का, हे जरूर विचारा. बॉनेटखालची गरम हवा तर अजिबात ओढू देऊ नका, इनटेक पुढच्या जाळीपाशी न्या. एवढ्या उष्णतेत कॉम्प्रेशन जास्त ठेवलं किंवा इग्निशन (ठिणगीची वेळ) जास्त पुढे घेतलं तर नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) होऊन पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग टाळायची ताकद, चांगला आहे, पण इथेनॉलमुळे त्याच हवेला इंधन जास्त लागतं. म्हणून इंजेक्टर मोठे घ्या, हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर लावा आणि ट्यूनिंग उन्हाळ्यातल्या दुपारी करून घ्या.

खालच्या भागाबद्दल थोडक्यात. ६८०० वरून ८००० ला गेलं की पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडवरचा जडत्वाचा ताण ३८ टक्क्यांनी वाढतो, ८४.५ मिलिमीटरच्या स्ट्रोकला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेबावीस मीटर होतो. फोर्ज्ड रॉड, नवे रॉड बोल्ट, बॅलन्स केलेली क्रँक यात काटकसर नको. बेअरिंगचं क्लिअरन्स जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाच्या) व्यासाच्या हजाराव्या भागाएवढं ठेवा. वाळूज-चिकलठाण्यात मायक्रॉनमध्ये काम करणारे कारागीर आहेत, मुंबई-पुण्याला धावायची गरज नाही.

उरलेल्या पैशात फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्समधली चाकांना फिरवणारी शेवटची गिअरजोडी) छोट्या गिअरिंगचा, म्हणजे जास्त ओढ देणारा, घ्या आणि चांगले टायर घाला. ड्रॅगच्या ४०२ मीटरच्या धावेत सुरुवातीच्या काही मीटरमध्ये जे जातं ते वरच्या हॉर्सपॉवरने भरून निघत नाही.

समृद्धीवर किंवा बीड बायपासवर मात्र शर्यत लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला तुमचा वेग कळत नाही. कलम ५२ मुळे इंजिनातले बदलही आरटीओच्या नजरेत येतात, त्याची चौकशी आधीच करा. ड्रॅगसाठी बंद धावपट्टीवरच्या, परवानगी घेतलेल्या स्पर्धाच गाठा.

इंजिन उघडण्याआधी चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (हवा किती गळते याची) टेस्ट करून आकडे इथे टाका. ब्लॉक रिबोअर करावा (सिलिंडर मोठे कापावे) लागेल की नुसतं होनिंग (आतून घासणं) पुरेल, ते त्यावरून सांगतो.