वेलोमोबाइलची काळवंडलेली तार

प्रश्न : मी नेदरलँड्समध्ये राहतो. माझ्या जुन्या वेलोमोबाइलचा, म्हणजे कवच असलेल्या तीनचाकी सायकलीचा, दिवा खड्ड्यांत मिणमिणतो. बॅटरी नवी आहे. काय करावे?

उत्तर : दोष बहुधा तारेत असावा. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पाणी चाकांजवळच्या जोडांतून शिरून तांब्याच्या तंतूंमधून आवरणाच्या आत झिरपत जाते आणि तांबे आतल्या आत काळे पडते, म्हणून तार वरून धडधाकट दिसते. बॅटरी सोडवून जोडाजवळचे आवरण सोला आणि लखलखीत तांबे लागेपर्यंत तार कापत जा. काळ्या तांब्यावर डाग (सोल्डर) नीट धरत नाही. नवा तुकडा कल्हई केलेल्या तारेचा घ्या आणि जोडावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवा. कवच कार्बन फायबरचे असल्यास तार त्यावर घासू देऊ नका, कारण त्यातून वीज वाहते. बॅटरीलगत फ्यूज हवाच.