मामा म्हणतात, ‘बँका हवेतून पैसा काढतात, सगळा मूठभर घराण्यांचा कट आहे.’ त्यांना काय उत्तर द्यावं?

अर्धी गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करा. बँक कर्ज मंजूर करून खात्यात रक्कम जमा करते तेव्हा नवा पैसा तयार होतो. ब्रिटनची मध्यवर्ती बँक असलेल्या बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये हे स्वतःच सविस्तर छापलं. त्यात गुपित काही नाही. मात्र स्वतःचं ठरावीक भांडवल राखण्याच्या अटी, बुडीत कर्जाचा धोका आणि रिझर्व्ह बँकेचे व्याजदर बँकेचा हात आवरतात. अशा कटाच्या गोष्टी सांगणारे माहितीपट नेमकं हेच गाळतात.

आता कट. मामा बडोद्याचे असतील तर घरचंच उदाहरण द्या: बँक ऑफ बडोदा १९०८ मध्ये सयाजीराव महाराजांनी काढली आणि १९६९ मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं. रिझर्व्ह बँकही १९४९ पासून पूर्ण सरकारी मालकीची आहे, तिचा शिल्लक नफा केंद्राच्या तिजोरीत जातो. मग घराणी कोणती, हे विचाराच.

आणि ‘घराणी’ म्हणत ज्यूंकडे बोट दाखवलं, तर गप्प बसू नका. हा फार जुना विखार आहे. वाद मात्र चारचौघांत नको. चहाला जाऊन समोरासमोर बोला.