अवघड वाजवणारा बँडच भारी असतो का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की गावात नवीन बँड उभा करताना छाप पडेल अशी अवघड गाणी बसवावीत की साधी, गोड? मी धुळे-अमळनेर पट्ट्यात लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. माझ्या मते आधी गोडवा. अवघडपणा चालीला लागेल तेवढाच.

ट्रम्पेटला पिस्टन तीनच. बाकी सगळं ओठांच्या ताणावर आणि फुंकेवर. बोटं रियाजाने पळायला लागतात, आणि द्रुत पलट्यात एखादा सूर चढा लागला तरी ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. पाठवणीला ढोल बंद असतो, माणसं गप्प असतात, चाल संथ. तिथे एक लांब षड्ज धरायचा म्हटलं की कोण किती पाण्यात आहे ते कळतं.

त्यात आपल्याकडची मे महिन्याची लग्नं. हवा १० अंशांनी तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ६ मीटरने वाढतो, म्हणून फुंकवाद्यं चढतात. गाडीवरचा कीबोर्ड आहे तिथेच राहतो. पारा ४४ वर गेला की ट्युनिंगची नळी बाहेर ओढून ट्रम्पेट उतरवायचा, आणि तरीही दर कडव्याला कान कीबोर्डकडे ठेवायचा. अशा दुपारी साधी चाल सुरात वाजवणारी पोरं मला फार मोठी वाटतात.

विलायतेत ब्रास बँडच्या स्पर्धा चालतात. १९२८ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी गुस्ताव होल्स्टने ‘अ मूरसाईड सूट’ लिहिली. बँडांचा कस लावायलाच लिहिलेली रचना, तरी तिचा मधला भाग संथ ठेवलाय.

अवघड वाजवूच नका, असं नाही. वरात रंगात आली, पोरं नाचताहेत, तेव्हा क्लॅरिनेटची लांब तान हवीच. तिच्याशिवाय मजा नाही. पण आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीत बायका अहिराणी गाणी म्हणत असतात. तिथे तान घुसवली की त्यांचं गाणं तुटतं. तिथे त्यांच्या पट्टीत, त्यांच्या लयीत, मागे राहून वाजवायचं.

नवीन गाणं बसवण्याआधी ते एकट्या युफोनियमवर (ट्रम्पेटपेक्षा खालच्या सुरातलं पितळी वाद्य), ढोल-ताशाशिवाय वाजवून ऐका. तेवढ्यावर गोड लागलं तर घ्या. ताना नंतर, क्लॅरिनेटवाल्याचा हात बघून घाला.