आयातीचं नाव काढलं की लोक का चिडतात?

स्वस्त परदेशी वस्तू आवडीने घेणारी माणसं आयातीला विरोध का करतात, असं तुम्ही विचारलंय. ही दोन्ही माणसं माझ्या साडूंमध्ये एकत्र राहतात.

भोसरी एमआयडीसीत माझा जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना सुटे भाग करून देण्याचा गाळा आहे. जून 2020 मध्ये गलवानला चीनशी चकमक झाली आणि कोथरूडच्या साडूंनी घरच्या ग्रुपवर चिनी मालावर बहिष्कार पुकारला. (चिनी फोनवरूनच.) दिवाळीत भेटलो तर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं नवं व्हीएमसीही तिकडचंच ना?" (व्हीएमसी म्हणजे धातूचे भाग कापून घडवणारं संगणकी मशीन.) म्हटलं, तैवानचं आहे. "एकच ते!" वर, 1905 ची विदेशी कपड्यांची होळी आपल्या पुण्यात झाली होती, हेही ऐकवलं. सासूबाईंसमोर! त्याच मशीनवर काढलेले पार्ट पुढे जर्मनीला जातात, हे सांगणार तेवढ्यात पानं वाढली.

मग डिसेंबर 2023 मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. निर्यात म्हणजे देशसेवा मानणारे साडू खूश. "आधी आपण खायचा, मग बाहेर." सासुरवाडी जुन्नरकडची, मेहुण्याचा कांदा काढणीला आलेला. त्याचं काय, हे कोणी विचारलं नाही. मे 2024 मध्ये बंदी उठली, तोवर त्याचा माल जाऊन चुकला होता.

म्हणजे हा खिशाचा हिशेब नाहीच. मॅन्सफील्ड आणि मट्झ या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी 2009 मध्ये अमेरिकनांबद्दल हेच दाखवलं : माणूस कुठल्या धंद्यात आहे यापेक्षा व्यापाराने देशाचं काय होतं असं त्याला वाटतं आणि परक्यांबद्दल त्याचं मत काय, यावर विरोध जास्त ठरतो. व्यापारात दोघांचाही फायदा होऊ शकतो हे अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने 1817 मध्येच मांडलं, पण डोक्यात कुस्तीच असते. एक चीत झाल्याशिवाय दुसरा जिंकत नाही. त्यात बंद पडलेल्या गाळ्याचं कुलूप सगळ्यांना दिसतं. स्वस्त आयातीमुळे घरोघरी वाचलेले पन्नास रुपये कोणाला दिसतात?

आता खरं सांगतो. आमच्या लाइनीतला एक बोल्टवाला चिनी मालापायी खरंच बसला, आणि बाहेरचं स्वस्त कास्टिंग (ओतीव भाग) माझ्या पोटावर आलं तेव्हा आयातशुल्क वाढवा म्हणणाऱ्या अर्जावर मीही सही केली होती. साडूंना हे माहीत नाही.

तुमच्या घरी असे कोणी असतील तर वाद घालू नका, कांद्याचा भाव विचारा. मार्चमध्ये व्हीएमसीचा शेवटचा हप्ता फिटला. पेढे कोथरूडलाही पाठवले, डब्यावर 'तैवान' लिहून.