पहिल्या ट्रायथलॉनची तयारी
ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग करण्याची शर्यत; तिच्या स्प्रिंट या छोट्या प्रकारात साधारणपणे 750 मीटर पोहणे, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणे असते. आपल्या भंडारा-गोंदियाकडे सायकल आणि धावणे अंगवळणी पडलेले असल्यामुळे खरा कस पाण्यातच लागतो. मामा (माजी मालगुजारी) तलावात पोहायला शिकलेल्यांचा दमसास चांगला असला, तरी गढूळ पाण्यात दिशा चुकते. म्हणून दर सहा-आठ हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून काठावरचे एखादे उंच झाड हेरावे, आणि सरावाला एकट्याने कधीही उतरू नये, हे मी कळकळीने सांगतो. सायकलवरून उतरल्यावर पाय जड पडतात, त्यासाठी आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच 2 किलोमीटर धावावे. उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत आटोपावा. स्पर्धेत हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढू नये, कारण तो नियमभंग ठरतो.