मोटरहोममधला हिवाळा: थंडीआधी ओल सांभाळ

अरे, तुझा मेसेज वाचला. कॅनडातल्या कॅलगरीत भाडं परवडत नाही म्हणून जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन त्यातच हिवाळा काढायचा म्हणतोयस. काढ की, लोक काढतात, पण तुझ्या यादीत नुसते हीटर आणि ब्लँकेटं दिसतायत आणि मला काळजी वाटते ती ओलीची.

हिशोब बघ. एक किलो प्रोपेन, म्हणजे गाडीतला सिलिंडरचा गॅस, जळला की साधारण 1.6 लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. फर्नेसचं, म्हणजे गाडीत बसवलेल्या गॅसच्या हीटरचं, धुराडं बाहेर उघडतं म्हणून तिचं पाणी बाहेर जातं, पण शेगडीचं सगळं आतच राहतं, वर आपला कुकर, दिवसातून चार वेळा चहा, बर्फाने भिजलेले बूट, रात्रभराचा श्वास. ही वाफ आतली सगळ्यात गार जागा गाठते. भिंतीतल्या स्क्रूच्या डोक्यांवर पांढरं दव गोठलेलं दिसेल, ते निदान दिसतं तरी. गादीखालचं दिसत नाही. सकाळी गादीचा कोपरा उचलून प्लायवूडवर हात फिरव, गार ओलं लागलं की समज बुरशी यायच्या वाटेवर आहे. म्हणून गादीखाली फळ्या टाकून हवा खेळू दे, कपाटांची दारं किलकिली ठेव, आणि छतावरचा व्हेंट, म्हणजे झरोका, बोटभर उघडा ठेव. हो, उणे 20 मध्येसुद्धा! बाहेरच्या त्या हवेत बाष्प जवळजवळ नसतंच, ती आत येऊन तापली की एकदम कोरडी होते. गॅस थोडा जास्त जाईल, जाऊ दे.

दुसरं, इलेक्ट्रिक हीटरवर भिस्त ठेवू नकोस. गाडीच्या 30 अँपच्या वीज कनेक्शनवर जेमतेम 3600 वॅट मिळतात, 1500 चे दोन हीटर लावून किटली चालू केलीस की ब्रेकर पडलाच. आणि खरी गंमत वेगळीच आहे, बऱ्याच गाड्यांत फर्नेसची गरम हवा नळीतून (डक्टमधून) खाली पाण्याच्या टाक्यांपर्यंतही जाते, त्यामुळे हीटरने खोली उबदार झाली की थर्मोस्टॅट फर्नेस चालूच करत नाही, तू वर टीशर्टमध्ये मजेत आणि खाली पाईप गोठतायत. तुझ्या गाडीत तो डक्ट आहे का ते आधी वाकून बघ.

बॅटरी लिथियमची असेल तर शून्याखाली चार्ज करायची नाही, खराब होते, ती आत घे. शेगडी ऊब मिळवायला पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, अलार्म लाव आणि त्याचा सेल तपासत जा.

आणि पैसे देण्याआधी गाडी जिथे लावणार त्या पार्कवाल्याला विचार, थंडीत नळ चालू ठेवतो का, कारण बरेच जण बंद करतात. ठेवत असेल तर हीटेड होज, म्हणजे विजेवर गरम राहणारा पाण्याचा पाईप, घे, साधा पाईप एका रात्रीत दगड होतो. खालून स्कर्टिंग, म्हणजे गाडीखाली वारा शिरू नये म्हणून भोवती आडोसा, कशाने करायचं ते गाडीचे फोटो पाठवलेस की सांगतो.