मोटर ट्रिप झाली, आता कोणाचं काम?

प्रिय मुली,

गोव्यातल्या वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत ‘मल्टिस्किल्ड टेक्निशियन’ (अनेक शाखांचं काम येणारा) मागतात, म्हणून इलेक्ट्रिकल डिप्लोमासोबत फिटिंग (यंत्रांची जोडणी-दुरुस्ती), इन्स्ट्रुमेंटेशन (मोजमापाची उपकरणं), पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर) असे सगळे क्लास एकदम लावायचं तुझ्या मनात आहे. इतक्यात नको. आधी एक शाखा पक्की कर; बाकीच्या शाखा एकेका बिघाडाच्या मागोमाग शिकत जा.

समज, पंपाची मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते, म्हणजे करंट वाढल्यामुळे रिले नावाचं संरक्षण तिला बंद पाडतं. इलेक्ट्रिशियन रिले रिसेट करून जातो, फिटर म्हणतो हे विजेचं काम, आणि रिसेट करता करता एक दिवस वाइंडिंग जळतं. तू मोटर चालू असताना क्लँप मीटरने (वायरीभोवती धरून करंट मोजणारा) तिन्ही फेजचा करंट बघ. एका फेजला शून्य आणि उरलेल्या दोन्हींना जादा असेल तर फ्यूज किंवा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विद्युत स्विच) तपास. तिन्ही सारखे, पण नेमप्लेटपेक्षा जास्त असतील तर बहुधा भार वाढलाय. मग आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद करून कुलूप नि टॅग लाव, मीटरने वीज नसल्याची खात्री कर आणि शाफ्ट हाताने फिरव. जड लागला तर कपलिंग (मोटर नि पंपाचा जोड) सोडून पुन्हा फिरव. आता मोटर मोकळी फिरली तर दोष पंपात: ग्लँड (शाफ्टभोवतीची गळती रोखणारी) फार आवळलेली किंवा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) अडकलेला. मोटरच जड असेल तर तिचं बेअरिंग. नवं बेअरिंग शाफ्टवर चढवताना जोर आतल्या रिंगवरच द्यायचा. बाहेरच्या रिंगवर ठोकलंस तर गोळ्यांचे व्रण रेसवर (गोळ्या फिरतात त्या खाचेवर) उठतात आणि लवकरच आवाज सुरू होतो.

आपल्या पावसाळ्यात बंद राहिलेली मोटर मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं उपकरण) तपासल्याशिवाय चालू करू नकोस. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर. रोध १ मेगाओमच्या खाली आला तर मोटर आधी सुकव. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर मोटरच्या वायरी त्याच्यापासून आधी सोडव, नाहीतर ड्राइव्ह जाईल.

पीएलसी दुसऱ्या वर्षी घे, पण सिम्युलेटरवर भागवू नकोस, खरं वायरिंग कर. स्टॉप बटण नॉर्मली क्लोज्डच (न दाबता सर्किट जुळलेलं) जोडायचं, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबतं. ट्रान्समीटरचा (दाब, तापमान अशी मापं करंटच्या रूपात पाठवणारा) सिग्नल ४ मिलिअँपिअरपासून सुरू होतो तोही याच कारणाने: शून्य दिसलं की वायर तुटलीय किंवा सप्लाय गेलाय, हे लगेच कळतं.

डिप्लोमानंतरच्या अप्रेंटिसशिपला स्टायपेंडच्या आधी एवढं विचार: मेन्टेनन्सला घेणार की पॅकिंग लाइनवर उभं करणार?